एचओए बोर्डाने ईमेलवर मतं गोळा करून घेतलेला निर्णय वैध धरायचा का?

ओसरी

नमस्कार. कॅलिफोर्नियात आमची ६२ टाउनहोम्सची वसाहत आहे. जानेवारीत मी पहिल्यांदाच एचओएच्या, म्हणजे घरमालकांच्या असोसिएशनच्या, बोर्डावर निवडून आले. बोर्डात आम्ही पाच जण आहोत.

मागच्या मंगळवारी दुपारी मॅनेजमेंट कंपनीच्या मॅनेजरची ईमेल आली. वसाहतीतली अकरा झाडं काढून नव्याने लावण्याचं ३८,००० डॉलरचं कोटेशन सोबत होतं आणि खाली एकच ओळ: "कृपया मंजुरी कळवा." मी त्या दिवशी विमानात होते. रात्री हॉटेलवर पोचून ईमेल उघडली तर त्यावर पाच उत्तरं येऊन गेली होती. तिघांनी "मंजूर" लिहिलेलं, चौथ्यांनी एक प्रश्न विचारलेला, त्याचं उत्तर कोणीच दिलेलं नाही, आणि शेवटी मॅनेजर: "तीन मतं मिळाली, बहुमत झालं, कंत्राट पाठवते." सगळं चार तासांत उरकलं.

अध्यक्षांना फोन केला. ते म्हणाले, "आपल्याकडे वर्षानुवर्षं असंच चालतं. पुढच्या मीटिंगला रॅटिफाय करू, म्हणजे मागाहून मान्यता देऊ, की झालं." माणूस चांगला आहे, आठ वर्षं फुकट राबतोय. पण मला झोप लागली नाही. असा निर्णय कायद्याने टिकतो का? आणि मी मतच दिलं नाही, तरी माझ्यावर काही जबाबदारी येते का?

डॅलसकर

आमच्याकडे टेक्ससमध्ये हे चालतं, आणि नियमाला धरून चालतं. प्रॉपर्टी कोडच्या २०९ व्या प्रकरणात बोर्डाला सभेबाहेर, अगदी ईमेलवरसुद्धा, मतदान करता येतं. अट अशी की प्रत्येक बोर्ड मेंबरला आपलं म्हणणं बाकी सगळ्यांपुढे मांडायची आणि मत द्यायची वाजवी संधी मिळाली पाहिजे. शिवाय पुढच्या सभेत त्या निर्णयाचा गोषवारा, खर्चासकट, तोंडी सांगायचा आणि मिनिट्समध्ये, म्हणजे सभेच्या इतिवृत्तात, नोंदवायचा.

तुम्ही विमानात असताना चार तासांत मोजणी करून टाकली, याला आमच्याकडेही "वाजवी संधी" कोणी म्हटलं नसतं.

मिनिट्सवाला

डॅलसकर, तुमचं बरोबर आहे, पण ओसरींनी ते आपल्या बोर्डापुढे ठेवलं तर फसतील. कॅलिफोर्नियाचा नियम जवळपास उलटा आहे. मी इथे बे एरियात सहा वर्षं आमच्या बोर्डाचा सेक्रेटरी होतो, त्यामुळे हे कलम तोंडपाठ झालंय.

डेव्हिस-स्टर्लिंग कायदा, म्हणजे इथला एचओएंचा कायदा, सिव्हिल कोड ४९१०. पहिलंच वाक्य असं आहे की बोर्डाने सभेबाहेर कुठल्याही विषयावर निर्णय घ्यायचा नाही. पुढे तर ईमेलचं नाव घेऊन सांगितलंय: एकामागून एक ईमेल पाठवून सभा घेता येणार नाही. अपवाद एकच, आणीबाणीची सभा. तीसुद्धा सगळ्या संचालकांनी त्याला लेखी संमती दिली आणि त्या संमत्या मिनिट्सना जोडल्या तरच. संमती ईमेलवर दिली तरी चालते. पण सगळ्यांची हवी. पाचपैकी चार नाही.

आणीबाणी कशाला म्हणायचं तेही ४९२३ मध्ये आहे. आधी कल्पना करता आली नसती अशी परिस्थिती, तातडीने लक्ष घालायची गरज, आणि नेहमीची नोटीस देणं व्यवहारात अशक्य. मध्यरात्री तीन घरांत पाणी शिरलं, ही आणीबाणी. अकरा झाडांचं कोटेशन नव्हे.

नेहमीच्या सभेला मालकांना किमान चार दिवस आधी अजेंड्यासह नोटीस लागते. जे अजेंड्यावर नाही त्यावर, थोडे अपवाद सोडले तर, बोर्डाने बोलायचंही नाही. तुमच्या मंगळवारी यातलं काहीच झालेलं नाही.

कौलारू

मी दुसरी बाजू मांडतो, कारण मीही बोर्डावर आहे. हे सगळं वाचताना छान वाटतं, पण आम्ही पाच माणसं नोकरी, मुलं, आईवडील सांभाळून हे काम करतो. सभा दोन महिन्यांतून एकदा होते. मधल्या काळात गेटची मोटर जळते, स्विमिंग पूलच्या पंपाचं कोटेशन तीस दिवसांत संपतं, इन्शुरन्सवाले उत्तर मागतात. प्रत्येक वेळी नोटीस लावून सभा घ्यायची तर बोर्डावर यायला कोणी तयार होणार नाही. आत्ताच होत नाही. गेल्या निवडणुकीत आमच्याकडे पाच जागांना चार उमेदवार होते.

ईमेलवर निदान सगळं लेखी राहतं. फोनवर आपापसात ठरवून टाकण्यापेक्षा ते प्रामाणिकच नाही का?

मिनिट्सवाला

कौलारू, तुमची अडचण खरी आहे, मी ती सहा वर्षं भोगलीय. पण तिच्यावरचा उपाय कायद्यातच आहे आणि बहुतेक बोर्डं तो वापरत नाहीत.

कायद्यात "कामकाजाचा विषय" याची व्याख्या दिली आहे. बोर्डाने रीतसर दुसऱ्या कोणाकडे सोपवलेली कामं त्या व्याख्येतून वगळली आहेत. म्हणजे मॅनेजर, एखादा पदाधिकारी किंवा कोरमपेक्षा (सभा भरायला लागणाऱ्या किमान संख्येपेक्षा) कमी संचालकांची समिती. मग उघड सभेत एकदाच ठराव करा: बजेटमध्ये बसणारी, अमुक रकमेपर्यंतची दुरुस्ती मॅनेजरने अध्यक्षांना कळवून करून घ्यावी. आमच्याकडे ती मर्यादा २,५०० डॉलर होती. गेटची मोटर जळली की मॅनेजर थेट दुरुस्तीवाल्याला बोलवायचा. बोर्डाचं मतदान नाही, ईमेलवर हो-हो नाही, आणि पुढच्या सभेत खर्चाचा तक्ता सगळ्यांपुढे. आम्ही हे केलं तेव्हा आमच्या ईमेल निम्म्यावर आल्या असतील.

२०२४ पासून आणखी एक सोय आहे. काही अटी पाळल्या तर सभा संपूर्णपणे व्हिडिओवर घेता येते, प्रत्यक्ष जागा लागत नाही. चार दिवसांची नोटीस, अर्ध्या तासाची झूम सभा, एकच विषय. ओसरींच्या बोर्डाला हे सहज जमलं असतं.

फ्लोरिडावाली

आमच्याकडे कायदा एका वाक्यात बोलतो: बोर्ड मेंबरनी एकमेकांशी संपर्कासाठी ईमेल वापरावी, पण असोसिएशनच्या विषयावर ईमेलने मत देऊ नये. काँडोच्या, म्हणजे मालकीच्या फ्लॅट्सच्या इमारतींच्या, कायद्यातही हे वाक्य आहे आणि एचओएच्याही. सभेची नोटीस ४८ तास आधी लावायची. स्पेशल असेसमेंट, म्हणजे मालकांकडून घ्यायची जादा वर्गणी, असेल तर १४ दिवस आधी.

लेकफ्रंट

मी शिकागोत एका उंच इमारतीत राहते. इथे २०१४ मध्ये इलिनॉयच्या अपील कोर्टाने लेक शोअर ड्राइव्हवरच्या एका काँडो बोर्डाविरुद्ध निकाल दिला. ते बोर्ड बंद दाराआड "वर्किंग सेशन" घेऊन विषय निकाली काढायचं, ईमेलवर मतं घ्यायचं, आणि उघड सभेत उरायची ती औपचारिकता. एका मालकाने वर्षानुवर्षं भांडून ते थांबवलं. त्या निकालानंतर आमच्या बोर्डाची पद्धत खरंच बदलली. आधी सभा वीस मिनिटांत संपायची, आता दोन तास चालते आणि लोक बसतात.

पायरी

मी कुठल्याच बोर्डावर नाही. साधी मालक आहे, निवृत्त, एकटी राहते. नियमांचं मला फार कळत नाही, तरी लिहिते.

आमच्याकडच्या प्रत्येक सभेला मी जाते. घरून निघायच्या आधी अजेंडा छापून घेते, प्रश्न मोठ्या अक्षरात लिहून ठेवते, कारण माझी श्रवणशक्ती कमी आहे आणि मध्येच काही सुटलं की धागा हरवतो. दोन वर्षं मी पाहत होते की विषय वाचला जातो, कोणीतरी "मंजूर" म्हणतं, दुसरं "अनुमोदन" म्हणतं, हात वर होतात, पुढचा विषय. कोणी एकमेकांना काही विचारत नाही. मला वाटायचं की आपल्यालाच ऐकू येत नाहीये, चर्चा होत असणार. मी पुढच्या रांगेत बसायला लागले. तरी तेच.

मग एकदा एक संचालक बोलून गेले, "हे आपलं ईमेलवर झालंय ना." तेव्हा समजलं. माझ्या महिन्याच्या हप्त्यात ६५ डॉलरची वाढ झाली, आणि ती का झाली, कोण तिच्या विरोधात होतं, दुसरा काही पर्याय कोणी सुचवला का, हे मला कधीच कळलं नाही. वाढ योग्यही असेल. पण मला बोलायचं होतं तेव्हा त्यांचं ठरून गेलं होतं.

ओसरी, तुम्हाला झोप लागली नाही हे वाचून मला फार बरं वाटलं.

कौलारू

पायरीताई, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. आमच्या सभेतही शेवटच्या रांगेत एक काका बसतात, वही घेऊन. त्यांच्या बाजूने मी कधी विचारच केला नव्हता. सोपवण्याचा ठराव मी आमच्या पुढच्या अजेंड्यावर घालतो.

नवाघरमालक

एक शंका. मग बोर्ड मेंबरनी ईमेलवर चर्चासुद्धा करायची नाही का? आमचा वकील म्हणतो की कोरमएवढे लोक ईमेलवर बोलले की ती सभाच झाली.

मिनिट्सवाला

कॅलिफोर्नियात हा वाद बरीच वर्षं होता आणि सावध वकील तुमच्या वकिलासारखाच सल्ला द्यायचे. २०२३ मध्ये अपील कोर्टाने सॅन डिएगोकडच्या एका प्रकरणात तो सोडवला. मालकांचं म्हणणं होतं की संचालकांच्या आपापसातल्या ईमेल म्हणजे लपवून घेतलेली सभा. कोर्टाने ते मानलं नाही. कायद्यातली सभा म्हणजे कोरमएवढ्या संचालकांनी एका वेळी, एका ठिकाणी जमणं, किंवा सगळ्यांना एकमेकांचं ऐकू येईल अशी दूरस्थ सभा. ईमेलची देवघेव त्यात बसत नाही. मात्र त्या ईमेलमध्ये निर्णय घेतलेला नसला पाहिजे. त्या प्रकरणात तो घेतलेला नव्हता.

म्हणजे कोटेशन पाठवणं, प्रश्न विचारणं, "मला हे महाग वाटतं" म्हणणं, हे सगळं चालेल. "मंजूर, मंजूर, मंजूर, कंत्राट पाठवा" चालणार नाही. ओसरींच्या बोर्डाने नेमकी ती रेघ ओलांडली.

माझं स्वतःचं मत विचाराल तर कायद्याने परवानगी दिली तरी ईमेलवर लांबलचक चर्चा करू नये. पायरीताईंनी जे सांगितलं ते चर्चेलाही लागू आहे. सगळं बोलणं ईमेलवर संपलं तर सभेत नुसते हात उरतात.

सिएटलचा_पाऊस

वॉशिंग्टन राज्यात १ जुलै २०१८ पासून वसाहतींसाठी जो कायदा आहे त्यात मला आवडलेली मधली वाट आहे. सभा न घेता निर्णय घ्यायचा तर सगळ्या संचालकांची लेखी सहमती हवी. तीसुद्धा किरकोळ प्रशासकीय कामाला, आधी सभेत ठरलेलं अंमलात आणायला, किंवा जे मालकांच्या मंजुरीला जाणारच आहे अशा गोष्टीला. सभेत "छताचं काम करायचं, ९०,००० पर्यंत" ठरलं असेल तर कोणत्या सोमवारी सुरू करायचं हे ईमेलवर ठरवा. छत करायचं की नाही, हे नाही.

डॅलसकर

माझ्या आधीच्या पोस्टमुळे गैरसमज नको म्हणून भर घालतो. टेक्ससमध्येही ईमेलला मोकळं रान नाही. दंड लावणं, फोरक्लोजर (थकबाकीपोटी घराची जप्ती) सुरू करणं, असेसमेंट वाढवणं, स्पेशल असेसमेंट, कर्ज घेणं, नियम बदलणं, वार्षिक बजेट, बोर्डाची रिकामी जागा भरणं, अशा विषयांची यादीच कायद्यात आहे आणि त्यावर मालकांना नोटीस दिल्याशिवाय मत घेता येत नाही. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ही नोटीस नेहमीच्या सभेला १४४ तास आणि विशेष सभेला ७२ तास आधी द्यावी लागते. घरावर आणि खिशावर ज्याचा घाव पडतो ते सगळं ईमेलच्या बाहेर ठेवलंय. आमच्या मॅनेजरलाही ही यादी माहीत नव्हती, मी छापून दिली.

नवाघरमालक

आणि ज्या राज्यात एचओएच्या कायद्यात यावर काहीच नाही तिथे?

लेकफ्रंट

आधी आपली कागदपत्रं उघडायची, सीसी अँड आर (घरांना बांधील असलेल्या वसाहतीच्या अटी) आणि बायलॉज (असोसिएशनच्या कारभाराचे नियम). त्यात उत्तर नसेल तर राज्याचा ना-नफा कंपन्यांचा कायदा, कारण बहुतेक एचओए त्याखालीच नोंदलेल्या असतात. तिथे साधारण असं असतं की सभा न घेता निर्णय घ्यायचा तर सगळ्या संचालकांची लेखी संमती. बहुमताची नव्हे. इथेच बोर्डं चुकतात. सभेतला बहुमताचा नियम ईमेलला लावतात. पाचपैकी एकाने "नाही" म्हटलं किंवा उत्तरच दिलं नाही, तर निर्णय झालेलाच नसतो. गप्प राहणं म्हणजे होकार नव्हे. "शुक्रवारपर्यंत उत्तर आलं नाही तर संमती धरू" अशा ईमेलला काही अर्थ नाही.

सभेत एकाचा विरोध असेल तर तो बाकीच्यांना समजावू शकतो, बाकीचे त्याला. ईमेलवर ती संधी नाही, म्हणून एकमताची अट. मला हे तर्काला धरून वाटतं.

ओसरी

सगळ्यांचे मनापासून आभार. कलम ४९१० छापून मी अध्यक्षांना पाठवलं. त्यांचं उत्तर आलं की कंत्राटाचा विषय एक्झिक्युटिव्ह सेशनमध्ये, म्हणजे मालकांशिवाय, घेता येतो, तेव्हा ईमेलने काय बिघडलं? आणि कंत्राटावर अध्यक्ष आणि सेक्रेटरी दोघांच्या सह्या होऊन गेल्यात. आता ते रद्द धरायचं का?

मिनिट्सवाला

पहिल्या मुद्द्यात त्यांचं अर्धं बरोबर आहे. बाहेरच्या कंत्राटदाराशी करार ठरवणं हा एक्झिक्युटिव्ह सेशनचा विषय होऊ शकतो. पण तेही सेशनच असतं, म्हणजे सभा. तिची नोटीस दोन दिवस आधी, आणि काय झालं याची ढोबळ नोंद पुढच्या उघड सभेच्या मिनिट्समध्ये. दार बंद करून बसता येतं. न बसता चालत नाही.

दुसरा मुद्दा नाजूक आहे. सभेबाहेर निर्णय घेतला म्हणून बाहेरच्या माणसाशी झालेला करार आपोआप पुसला जात नाही. अध्यक्ष आणि सेक्रेटरी अशा दोघांच्या सह्या असतील आणि कंत्राटदाराला आतली गडबड माहीत नसेल, तर "सही करणाऱ्यांना अधिकार नव्हता" म्हणून अंग काढून घेणं असोसिएशनला अवघड जातं. कॉर्पोरेशन्स कोडमध्ये तसं कलमच आहे. म्हणून काम सुरू व्हायच्या आत कंत्राटदाराशी बोला, तारीख पुढे ढकलायला सांगा.

मालकांच्या बाजूने बघायचं तर असा भंग झाल्यापासून एका वर्षात कुठलाही सभासद कोर्टात जाऊ शकतो. प्रत्येक भंगाला ५०० डॉलरपर्यंत दंड, आणि सभासद जिंकला तर त्याच्या वकिलाचा खर्च असोसिएशनवर. खरा फटका त्या खर्चाचा. पाचशे डॉलरच्या दंडामागे वकिलांचे हजारो डॉलर जातात, आणि भरतात ते मालकच.

नुसतं रॅटिफाय करू नका. "ईमेलवरचा निर्णय कायम" असं एका ओळीत उरकलं तर चूक तशीच राहते. विषय नव्याने अजेंड्यावर घ्या, चार दिवस आधी लावा, मालकांना बोलू द्या, मग नव्याने मत घ्या. आणि तुमची हरकत लेखी पाठवून ठेवा, मिनिट्समध्ये नोंदवायला सांगा. जबाबदारीचं विचारत होतात ना, गप्प राहिलेल्या संचालकापेक्षा हरकत नोंदवलेल्या संचालकाची बाजू केव्हाही भक्कम.

फ्लोरिडावाली

यात आणखी एक काळजी घ्या. बोर्डाच्या कामासाठी वेगळा ईमेल पत्ता उघडा. आमच्याकडे एक दावा झाला तेव्हा माझ्या नवऱ्याला, तो तेव्हा ट्रेझरर होता, त्याच्या खासगी जीमेलमधून चार वर्षांच्या ईमेल काढून द्याव्या लागल्या. मुलीच्या शाळेच्या, डॉक्टरच्या ईमेलमधून एकेक शोधत तीन शनिवार-रविवार गेले. वकिलाने बोर्डाला पाठवलेली ईमेल त्याने सहज एका शेजाऱ्याला पुढे पाठवली होती. तिच्या गोपनीयतेवरून वेगळाच वाद झाला. तेव्हाचं त्याचं उतरलेलं तोंड मला आठवतं.

ओसरी

सहा आठवड्यांनी परत येतेय, कारण इथे अर्धवट सोडणं बरं वाटेना.

अध्यक्ष आधी नाराज झाले, दोन दिवस बोलले नाहीत. मग त्यांनी स्वतःच असोसिएशनच्या वकिलांना विचारलं आणि वकिलांनी मिनिट्सवाल्यांनी सांगितलं तेच सांगितलं. कंत्राटदार समजूतदार निघाला, त्याने काम तीन आठवडे पुढे ढकललं. विषय उघड सभेत अजेंड्यावर घेतला. नेहमी चार-पाच लोक येतात, यावेळी सतरा आले.

एका बाईंनी हात वर केला. त्या अकरापैकी दोन झाडं ओकची आहेत, आणि त्या आकाराचा ओक काढायला आमच्या शहराची परवानगी लागते. कोटेशनमध्ये परवानगीचा उल्लेख नव्हता, झाडांच्या तज्ज्ञाचा अहवालही नव्हता. आम्हा पाचांपैकी कोणालाही हे माहीत नव्हतं. ईमेलवर चौथ्या संचालकांनी विचारलेला आणि कोणी उत्तर न दिलेला प्रश्न नेमका हाच होता: "ही झाडं काढायलाच हवीत असं कोणी तपासलंय का?"

शेवटी तज्ज्ञाला बोलावलं, सात झाडं काढायची ठरली, ओक राहिले. सुधारित कंत्राट दुसऱ्या सभेत ४ विरुद्ध १ मतांनी मंजूर झालं. विरोधातलं एक मत अध्यक्षांचं होतं, त्यांना तज्ज्ञाची फी जास्त वाटली. त्यांनी ते कारण सगळ्यांपुढे सांगितलं आणि ते मिनिट्समध्ये आहे.

पायरी

ओक राहिले हे फार छान झालं. त्या बाईंना माझा नमस्कार सांगा.

कौलारू

ओसरीताई, सोपवण्याचा ठराव केलात का? केला असेल तर मजकूर द्याल? आमची सभा पुढच्या गुरुवारी आहे.

ओसरी

केला, त्याच सभेत. वकिलांनी तपासलेला मजकूर मराठीत देते, तुमच्या राज्याप्रमाणे आणि बायलॉजप्रमाणे बदलून घ्या:

"मंजूर बजेटमध्ये तरतूद असलेल्या, एका वेळी २,००० डॉलरपर्यंतच्या दुरुस्तीचा आदेश देण्याचा अधिकार बोर्ड मॅनेजरकडे सोपवत आहे. मॅनेजरने असा प्रत्येक खर्च अध्यक्ष व ट्रेझरर यांना त्याच दिवशी कळवावा आणि पुढच्या उघड सभेत तक्त्यासह मांडावा. एकच काम तुकडे पाडून या मर्यादेत बसवू नये. संचालकांनी माहिती मागवण्यासाठी व प्रश्न विचारण्यासाठी ईमेल वापरावी. मत ईमेलने देऊ नये व मॅनेजरने मागू नये. हा ठराव दर जानेवारीत पुन्हा बोर्डापुढे ठेवावा."

तुकडे पाडण्याचं वाक्य पाच नंबरच्या घरातल्या काकांनी सभेत सुचवलं.